मथुरा कुठं बसते

राजूर, १२ सप्टेंबर २०२४

प्रिय आक्का,

पाया पडतो. फोन केला तर तुला ऐकू येत नाही, आणि माझं तोंड वाकडं झाल्यापासून जे ऐकू येतं तेही कुणाला कळत नाही. म्हणून पुन्हा आपलं कागद आणि पेन. एसटीत होतो तेव्हा वस्तीच्या गाडीवर गेलो की झोपायच्या आधी तुला कार्ड लिहायचो, तसंच हे समज. फरक एवढाच की तेव्हा सकाळी गाडी निघायची, आता निघत नाही.

तू मला संगमनेरच्या दवाखान्यातून घरी आणून सोडलंस, त्याला आता महिना होत आला. तब्येत एकदम ठणठणीत आहे. डॉक्टर म्हणतात, डोक्यातली रक्ताची नळी तुंबली, तिथला मेंदू मेला, म्हणून डावा हात आणि डावा पाय गेला. काही गेलेलं नाही. हात जरा आळसावलाय, एवढंच. मी त्यांना म्हटलं, स्टेअरिंग द्या, आत्ता भंडारदऱ्याची वळणं काढून दाखवतो. तर नुसते हसले. रिटायर माणसाचं कोण मनावर घेतं?

तक्रार एकच आहे, आणि ती सांगायची म्हणून तर हे पत्र. मथुरा माझ्याजवळ बसत नाही. दिवसभर ती भिंतीपलीकडं शेजारच्या कल्याणच्या घरी जाऊन बसते. तिचा आवाज तिकडूनच येतो ना. "पानी देऊ का?" "पाय चेपू का?" सगळं भिंतीतून. मी म्हणतो, ये की इकडं. ती म्हणते, "हितंच हाय की." आणि येत नाही. दिवसातून एखाद्या वेळी पाहुण्यासारखी समोर येते, तोंड दाखवते आणि गडप होते. भाकरीसुद्धा अर्धीच वाढते. भाजी मागितली तर म्हणते, ताटात आहे. अगं, ताटात असती तर मी ठेवली असती का?

इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला काय कमी केलं? आजारी पडलो, तर माणूस एवढं नकोसं होतं का? तू जरा रागाव तिला. माझं नाही ऐकत, तुझं ऐकेल.

तुझा सूर्यभान


पुणतांबा, २० सप्टेंबर २०२४

मथुरा,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन. आधी राग आहे, तो लिहिते.

सूर्यभानचं पत्र आलं. डावीकडचा अर्धा कागद कोरा आणि उजव्या कडेला सगळी अक्षरं दाटीवाटीनं, तिघांच्या सीटवर पाच जण बसवल्यासारखी. माझ्या भावाचं अक्षर कसं होतं, आणि काय झालंय! ते असू दे. आतला मजकूर वाचून मी भरल्या ताटावरून उठले.

कल्याणच्या घरात एवढं काय ठेवलंय गं? आजारी नवऱ्याच्या उशाशी बसायचं सोडून शेजारी गप्पा झोडायच्या? तो खाटेवरून उठू शकत नाही म्हणून तुला मोकळं रान मिळालं का? आणि भाकरी अर्धी! त्याच्या पेन्शनीत भाकरी पुरत नाही का तुमच्या घरात?

त्याला घरी आणलं त्या दिवशी मी सगळं नीट लावून दिलं होतं. तुम्ही लोक खाट कशीही टाकणार होतात, त्याचे पाय दक्षिणेला. मी ओरडले म्हणून बरं. जिवंत माणसाचे पाय कुणी दक्षिणेकडं करतं का? खाट फिरवली, उजवी बाजू भिंतीला सारली, डावी खोलीकडं ठेवली, वारा-उजेड बघितला. एवढं सगळं मी करून आले. तुला फक्त त्याच्याजवळ बसायचं होतं. तेवढंही होईना?

आई गेली तेव्हा तो एवढासा होता. मी त्याला कडेवर वागवलाय. त्याच्या डोळ्यात पाणी आलेलं मला चालत नाही, हे तुला लग्नापासून ठाऊक आहे. पुन्हा असलं पत्र आलं तर मी त्याला इकडं घेऊन येईन. लेकाला, आबासाहेबाला सांगून ठेवलंय. जीप दारातच असते.

माझ्या लेकाला राग आला की तो जेवत नाही, मला राग आला की मी लिहिते. तेव्हा उत्तर दे. आणि आशीर्वाद आहेच.

कौसा आक्का


राजूर, २८ सप्टेंबर २०२४

वन्संना मथुराचा नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मग ह्यांना वाचून दाखवावं असं वाटलं, पण धीर झाला नाही.

कल्याण भाऊजींच्या घराला कुलूप आहे. दोघं नवरा-बायको गणपतीच्या आधीच नाशिकला लेकाकडं गेलेत. बंद घरात मी कुठून बसायला जाईन? राजूरमध्ये कुणालाही विचारा.

दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ह्यांच्याशी डावीकडून बोलत जा, डावीकडं बसत जा, म्हणजे तिकडचं भान हळूहळू परत येईल. आणि तुम्ही खाट लावली तशी उजवीकडं भिंतच आहे, बसायला जागा डावीकडंच. तिथं मी पाट टाकून बसते. तांदूळ तिथंच निवडते, जेवण तिथंच, निजणं तिथंच. घरातून बाहेर पडते ती पाण्याला आणि औषधाला. ताट पूर्ण वाढते. हे अर्धं खातात, अर्धं तसंच ठेवून सारून देतात. माझ्या हातचं नकोसं झालंय, दुसरं काय?

वन्सं, आता लिहितेच. हे माझ्यावर रागावलेत. सारखी भिंतीकडं मान करून असतात. मी बोलले की मान आणखी तिकडं वळवतात. माझं तोंड बघायचं नाही त्यांना. आणि त्याला कारण आहे. बीपीच्या गोळ्या त्यांनी बंद केल्या होत्या. "मला काय झालंय?" म्हणायचे. त्या दिवशी सकाळी त्यावरून आमचं वाजलं. "खायच्या नसतील तर मरा मंग," असं माझ्या तोंडून निघून गेलं. त्याच क्षणाला त्यांच्या हातातून कप खाली पडला. मला वाटलं रागानं आपटला. वर बघितलं तर ओठ एका बाजूला ओघळलेला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

तो शब्द त्यांनी मनात धरलाय. धरू देत. पण ह्यांना नेऊ नका. रागावून का होईना, माझ्या डोळ्यांसमोर असू द्या. एवढंच मागते.

मथुरा


राजूर, ७ ऑक्टोबर २०२४

आक्का,

तू तिला रागावलीस की नाही? काहीच फरक नाही.

काल भिंतीतून ती रडताना ऐकली. म्हणजे रडायलाही कल्याणकडं जाते. माझ्यापुढं रडायची लाज वाटते का तिला? मी हाका मारल्या. "ओ" म्हणाली, आली नाही. मग मलाही रडू आलं. हल्ली हसू आलं तरी शेवटी रडूच येतं, काय झालंय कळत नाही.

वस्तीला गाडी लावायचो तेव्हा गाव अनोळखी असायचं, ढेकणं असायची, पण सकाळी घरी जायचंय हे पक्कं असायचं. आता घरातच असून मुक्कामी असल्यासारखं वाटतं. कुणी ओळखीचं नाही.

मला घेऊन जा. तुझ्याकडं गोदावरीच्या काठी बसवून ठेव. हात बरा झाला की मीच एसटीनं परत येईन.

सूर्यभान


राजूर, १६ ऑक्टोबर २०२४

वन्सं,

परवा तुम्ही ह्यांना घेऊन गेलात. माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत, मीही बोलले नाही. रविराज चाकणहून फोनवर म्हणत होता, "आई, तू अडव आत्याला." पण तुम्ही ह्यांना विचारलंत, "येतोस का?" आणि हे लहान पोरासारखे "चल" म्हणाले. मग मी कुणाला अडवू?

आबासाहेबानं ह्यांना जीपमध्ये पुढं बसवलं. मी त्यांच्या खिडकीशी उभी होते, त्यांच्या डाव्या खांद्याला लागून, काचेवर हात ठेवून. त्यांनी मान वळवली नाही. आबासाहेबाला विचारलं, "मथुरा न्हाई आली का निरोप द्यायला?" माझ्यादेखत विचारलं. वन्सं, माणूस रागावतो, पण इतकं वाईट टोचून बोलायची ह्यांची जात नव्हती. जीप निघाली तरी माझा हात काचेवर होता.

आता कामाचं. पाणी, चहा बसवूनच पाजा, घोट घोट. गिळताना ठसका लागतो आणि तो छातीत उतरतो म्हणे. उठवताना डावा हात ओढू नका, खांदा निखळतो. तो हात उशीवर ठेवा, नाहीतर अंगाखाली सापडतो आणि ह्यांना कळतही नाही. मधेच रडायला लागले तर मनाला लावून घेऊ नका, मेंदूला मार बसला की असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. बीपीची आणि रक्त पातळ करायची गोळी चुकवू नका. "मला काय झालंय?" म्हणतील. तुमचं ऐकतील ते.

घरात खाट रिकामी आहे. मी अजून तिच्या डावीकडंच बसते. सवय लागली.

मथुरा


पुणतांबा, ५ नोव्हेंबर २०२४

मथुरा, बाई गं,

परवा भाऊबीज झाली. ते सांगायला बसलेय. आधी पूर्ण वाच, मग मला काय म्हणायचं ते म्हण.

सूर्यभानला पाटावर बसवता येईना, म्हणून खुर्चीत बसवला. टोपी घातली, टिळा लावला, आणि तबक घेऊन ओवाळायला लागले. दिवा त्याच्या उजव्या हाताला आला की त्याचं तोंड उजळायचं. फिरवून डावीकडं नेला की म्हणायचा, "इझला का गं?" मी म्हटलं, विझला कुठं, जळतोय की. पुन्हा उजवीकडं आणला, "आता लागला." डावीकडं नेला, "पुन्ना इझला." मला वाटलं हा चेष्टा करतोय, लहानपणी करायचा तशी. मग त्याचे डोळे बघितले. मथुरा, दिवा त्याच्या नाकासमोरून पलीकडं गेला की त्याच्यासाठी जगातच नसायचा.

मग मी मुद्दाम त्याच्या डावीकडं जाऊन उभी राहिले. तो आबासाहेबाला म्हणतो, "आक्का कुठं गेली? ओवाळनी न घेताच?" हाताच्या अंतरावर होते मी! "अरे, हितं हाय," म्हटलं, तर मान उजवीकडं वळवून कोठीच्या दाराकडं बघायला लागला.

काल कोपरगावहून व्यायाम शिकवणारी मुलगी आली, तिला विचारलं. तिनं सांगितलं, ह्यांचे डोळे चांगले आहेत, पण मेंदूच्या ज्या भागानं डावीकडं लक्ष जातं, तोच गेलाय. डावीकडचं ताट नाही, डावीकडचा कागद नाही, डावीकडचं माणूस नाही. आणि नाही हेसुद्धा त्यांना माहीत नाही. डावीकडून आवाज आला तर तो उजवीकडूनच आला असं वाटतं. उजवीकडं तुमच्या घरात काय आहे? भिंत. भिंतीपलीकडं कल्याणचं घर.

तू उठून गेली नव्हतीस. तो तुझ्यावर रागावलाही नव्हता. तू सगळा वेळ त्याच्याजवळ होतीस आणि तो सगळा वेळ तुला शोधत होता. आणि ती खाट कुणी लावली? ह्या कौसानं. तुला त्याच्या अंधाराच्या बाजूला बसवलं मी, वर तुझ्यावरच आळ घेतला. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळा तालुका जाणतो, पण ह्या वेळी मी तुझं काळीज तोडलं. मोठेपणा विसरून तुझे पाय धरते.

मी त्याला सांगितलं, मथुरा तुझ्याजवळच होती. तो म्हणाला, "मंग दिसली का न्हाई?" त्याला समजावता येत नाही. तू ये. त्याच्या उजवीकडं उभी राहा, बाकी काही सांगावं लागणार नाही. आणि घरी नेशील तेव्हा खाट फिरव. पाय दक्षिणेला झाले तर होऊ देत. यम विचारायला आलाच तर त्याला पुणतांब्याचा पत्ता दे, म्हणावं आधी तिकडं जाऊन ये.

तुझी कौसा आक्का


राजूर, ११ नोव्हेंबर २०२४

वन्सं,

पोस्टमनसमोरच वाचलं आणि तिथंच ओसरीवर बसले. तो बिचारा घाबरला. "काकू, काय वाईट बातमी हाय का?" म्हणाला. मी म्हटलं, "न्हाई रं बाबा, लई चांगली हाय."

पाय कसले धरता? तुम्ही ओवाळलं नसतं तर कुणालाच कळलं नसतं. मला तर आयुष्यभर वाटत राहिलं असतं, की तो एक शब्द ह्यांनी मनात धरला आणि माझं तोंड बघायचं सोडलं. जीपमध्ये बसून खरंच विचारत होते तर! टोचून नव्हते बोलत. त्यांना निरोप हवा होता माझा. हे आठवलं की हसू येतं आणि मग पदर डोळ्याला लावावा लागतो.

आजच निघाले असते, पण भात कापून खाचरात पडलंय आणि आभाळ भरून आलंय. झोडून घरात आलं की निघते. सोमवारची संगमनेर गाडी पकडते, पुढं कोपरगाव. ह्यांना सांगू नका. मला एकदम समोर जाऊन उभं राहायचंय, उजवीकडून. हसाल तुम्ही, पण काल आरशात बघितलं, आपण त्या बाजूनं कशा दिसतो. म्हातारी दिसते. पण ओळखू येण्यासारखी आहे.

हिरवं लुगडं त्यांना आवडायचं. ते काढून ठेवलंय.

मथुरा


राजूर, ९ जानेवारी २०२५

वन्सं,

तुम्ही विचारलंत, घरी नेल्यावर तरी ओळखतो का. तुम्ही स्वतः सगळं बघितलंय, तरी विचारता, कारण तुम्हाला "हो" हवंय. मला तुमच्याशी खोटं बोलवत नाही.

मी गाडीत बसायच्या आदल्या दिवशी रविराजचा फोन आला, दुसरा झटका आला म्हणून. कोपरगावच्या दवाखान्यात पोचले तेव्हा अंगावर ते हिरवं लुगडंच होतं, घाईत हाताला तेच लागलं. ह्यांना शुद्ध आली त्या दुपारी तुम्हीच मला उजवीकडून पुढं केलंत. हे माझ्याकडं बघत राहिले. इतक्या महिन्यांनी बघितलं, अगदी डोळे भरून. आणि मग तुम्हाला विचारलं, "आक्का, ह्या बाई कोन?" तुम्ही तोंडात पदर घालून बाहेर गेलात. मला नाही जाता आलं. त्यांनी माझ्याकडं बघायचं सोडलं असतं, मी दारात गेले असते तर.

डॉक्टर म्हणाले, या वेळी चेहरे ओळखायची जागा गेली. तुम्हाला ते आक्का म्हणतात ते तुमच्या खणखणीत आवाजावरून, तोंडावरून नाही. आरशातला स्वतःचा चेहराही त्यांना परका वाटतो. त्यालाही "रामराम" घालतात.

खाट फिरवली. पाय दक्षिणेला आहेत. बघायला येणाऱ्या बाया कुजबुजतात, कुजबुजू देत. मी आता उजवीकडं बसते आणि त्यांना दिसते. "बाई, च्या घ्या," म्हणतात मला. पाहुणी आलेली बघून टोपी सारखी करतात. आवाज मात्र ओळखतात. मी बोलले की "मथुरा" म्हणून हाक मारतात आणि खोलीभर शोधतात. माझ्या तोंडावर तो आवाज आहे हे त्यांना पटत नाही. "मीच मथुरा," असं म्हटलं की अवघडतात. परक्या बाईनं असं बोलू नये, असं वाटत असेल. मग मी म्हणायचं सोडून दिलं.

काल सकाळी ऊन खाटेवर आलं होतं. मी त्यांच्याजवळ वाटाणे सोलत होते, इकडच्या-तिकडच्या गोष्टी सांगत होते. ह्यांचा उजवा हात पांघरुणात काहीतरी चाचपत होता, त्याला त्यांचाच डावा हात सापडला. तो बाहेर काढून मांडीवर घेतला. वाळलेला, गार पडलेला. त्याच्यावरून हात फिरवत राहिले, माझं बोलणं ऐकत. मी म्हटलं, "अवो, त्यो तुमचाच हात हाय." तर माझ्याकडं बघून हसले. म्हणाले, "बाई, तुमाला न्हाई कळायचं. ह्यो मथुराचा हाय. बसलीया शेजारी."

तेवढ्यात त्यांचं बोट मनगटावर गेलं आणि थांबलं. पुन्हा पुन्हा चाचपलं. तोंड उतरलं. "हिच्या बांगड्या कुठं गेल्या? मी जिता हाय न्हवं अजून?" आणि ढसाढसा रडायला लागले. समजूत घालू म्हटलं तर ऐकेनात. "हात उघडा का ठेवलाय हिचा?" एवढंच विचारत होते.

वन्सं, मी माझ्या हातातल्या दोन बांगड्या उतरवल्या. नवरा जिवंत असताना बाईनं असं करू नये, हे तुम्ही सांगण्याआधी मला ठाऊक आहे. त्या ह्यांच्या त्या हातात चढवल्या. हात इतका सुकलाय, सहज गेल्या. ह्यांनी तो उचलून हलवून बघितला. वाजल्या. रडायचे थांबले. बांगड्यांवर ओठ टेकवले आणि त्या हाताला विचारलं, "आलीस व्हय. कुठं गेल्तीस इतके दिवस?"

मी उजवीकडून म्हटलं, "कुठंच न्हाई. तुमच्या शेजारीच हुते."

मथुरा